दहा किलोंचं विनोदी पुस्तक आणि एक निवृत्त जाहिरातवाली

वस्तू: ‘द कम्प्लीट कॅल्विन अँड हॉब्ज’, तीन खंड, पुठ्ठा बांधणी, खोक्यासकट. लेखक आणि चित्रकार एकच, बिल वॉटरसन. वापर: आठ महिने, त्यात सांगलीचा एक अख्खा पावसाळा.

वजनापासून सुरुवात करते, कारण आमच्या घरी या संचाची ओळख वजनानेच झाली. न्यू जर्सीहून भाचा आला, तो बॅग उघडायच्या आधीच म्हणाला, “मावशी, तुझ्या पुस्तकापायी माझे बूट तिकडेच राहिले.” २३ किलोंच्या बॅगेत दहा किलो एकटा हा खोका. मला खरं वाटेना, म्हणून भाच्याला उचलायला लावून कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला. दहा किलो आणि वर थोडं. वाण्याने विचारलं, “काय आहे यात?” म्हटलं, “सहा वर्षांचा एक पोरगा आणि एक वाघ.” त्याने पुढे काही विचारलं नाही.

पोरगा म्हणजे कॅल्विन. वांड, बोलभांड, अभ्यासाच्या नावाने शंख. वाघ म्हणजे हॉब्ज. घरातल्या बाकी सगळ्यांना तो कापडी खेळणं दिसतो, कॅल्विनबरोबर एकटा असला की चालतो, बोलतो, त्याला पाडून लोळवतो. खरं काय ते वॉटरसनने दहा वर्षांत सांगितलं नाही आणि ते विचारावंसंही वाटत नाही. नावं दोन जुन्या युरोपियन विचारवंतांची आहेत, जॉन कॅल्विन आणि थॉमस हॉब्ज. ही स्ट्रिप, म्हणजे रोज छापून येणारी काही चौकटींची विनोदी चित्रगोष्ट, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला त्याने स्वतः बंद केली. एकूण ३१६० स्ट्रिप्स. २००५ साली त्या सगळ्या एकत्र या संचात आल्या. १४४० पानं, म्हणजे आमच्या छापखान्याच्या हिशेबात सोळा पानी ९० फर्मे (एका कागदावर एकदम छापून घडी घालायची पानं म्हणजे फर्मा).

मी हा हिशेब का करते तेही सांगायला हवं. एका दैनिकाच्या जाहिरात विभागात मी ३१ वर्षं काढली. लागले तेव्हा पेस्ट-अप होतं. ब्रोमाइड कापायचं, रबर सोल्युशन लावायचं, रोटरिंगच्या शाईपेनाने चौकट मारायची. नंतर कॉम्प्युटर आला, पण काम तेच. दसरा-दिवाळीला किराण्याच्या जाहिराती: साखर, रवा, मैदा, गोडेतेलाचा डबा, प्रत्येकाशेजारी एक चांदणी आणि चांदणीत भाव. वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्यात साहेबांचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची चाळीस डोकी, एकही डोकं दुसऱ्यापेक्षा लहान होता कामा नये. जागा कॉलम-सेंटीमीटरवर विकली जायची. त्यामुळे पान समोर आलं की मला मजकूर दिसत नाही, आधी जागा दिसते. हा संचही मी तसाच वाचला. परीक्षण एकांगी वाटलं तर त्याचं कारण हे.

पहिल्या खंडाच्या सुरुवातीला वॉटरसनची स्वतःची प्रस्तावना आहे. लोक प्रस्तावना ओलांडून पुढे जातात, ही ओलांडू नका. ओहायो राज्यातल्या शाग्रिन फॉल्स या छोट्या गावात वाढलेला हा माणूस, १९५८ चा जन्म, वडील पेटंटचे वकील. कॅल्विनचे वडीलही पेटंटचे वकीलच आहेत, आणि ‘त्रास झाला की माणूस घडतो’ हे त्यांचं पालुपद ऐकून मला आमचे दादा आठवले, हिवाळ्यात गार पाण्याने आंघोळ घालणारे. वॉटरसन केनयन कॉलेजात राज्यशास्त्र शिकला. तिथे हॉस्टेलच्या खोलीच्या छतावर त्याने मायकेलअँजेलोचं आदमवालं चित्र रंगवलं होतं, आणि वर्षअखेर छत पुन्हा पांढरं करून देण्याच्या बोलीवर त्याला तशी परवानगी मिळाली होती.

१९८० मध्ये पदवी मिळाली आणि लगेच सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्रात राजकीय व्यंगचित्रकाराची नोकरीही. काही महिन्यांत काढून टाकलं. त्यानंतर चार-एक वर्षं त्याने काय केलं? गाड्यांच्या विक्रेत्यांच्या आणि किराण्याच्या जाहिराती. एका दुकानाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत. त्या कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता आणि पुढे १९९० मध्ये आपल्याच कॉलेजात भाषणाला बोलावल्यावर त्याने ते लपवलंही नाही.

हे वाचलं तेव्हा मी खंड मिटून चहा टाकायला गेले. चांदणीत भाव लिहिणारा माणूस! मला त्या कामाचा तिटकारा कधीच नव्हता हे आधी कबूल करते. पगार वेळेवर होता, मैत्रिणी होत्या, ऑफिसात भेळ यायची. पण संध्याकाळी घरी जाऊन स्वतःची स्ट्रिप काढायची, ती सिंडिकेटला, म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना स्ट्रिप्स पुरवणाऱ्या कंपनीला, पाठवायची, नकार घ्यायचा, पुन्हा काढायची, असं पाच वर्षं करणं मला जमलं नसतं. मी घरी जाऊन भाकऱ्या केल्या.

नकारांतही एक मजेशीर वळण आहे. एका मोठ्या सिंडिकेटला त्याच्या एका स्ट्रिपमधला नायक नव्हे, तर नायकाचा धाकटा भाऊ आणि त्याचा कापडी वाघ आवडला. त्यांनीच सांगितलं, या दोघांवर काढ. त्याने काढलं. मग त्यांना त्या स्ट्रिपमध्ये रोबोटमॅन नावाचं, बाजारात खेळणी विकायला तयार केलेलं एक पात्र घुसवायचं होतं. हातात धड काही नसलेल्या माणसाने नाही म्हटलं. शेवटी युनिव्हर्सल प्रेस सिंडिकेटने ती घेतली, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त ३५ वर्तमानपत्रांत होती. शेवटाला २४०० च्या आसपास.

आता मुद्द्याकडे येते. या संचात सोमवार ते शनिवारच्या स्ट्रिप्स काळ्या-पांढऱ्या, एका पानावर तीन, आणि रविवारची रंगीत, तिला पूर्ण पान. म्हणजे तीन पानांत एक आठवडा. रविवारची पानं मी भिंग आणि स्टीलची पट्टी घेऊन बघितली. (सून म्हणाली, “आई, विनोद आहे तो, सात-बारा नाही.”) पहिल्या काही वर्षांची दहा-बारा पानं बघा. वरच्या ओळीत शीर्षकाची चौकट आणि तिच्या शेजारी एक छोटा, सुटा विनोद. ही ओळ कापून फेकली तरी खालची गोष्ट अडत नाही. खालच्या चौकटींच्या काही रेघाही पानागणिक ठरल्या जागीच येतात. चित्रकाराला तसं सुचलं म्हणून नव्हे. वर्तमानपत्रांना तीच स्ट्रिप कधी अर्ध्या पानात, कधी तिसऱ्या हिश्श्यात, कधी पाव पानात बसवायची असायची. वरची ओळ उडवायची, बाकी चौकटी कापून वरखाली रचायच्या. म्हणून जोडकामाच्या खेळण्यासारखं काढून द्यायचं. आम्ही एकच जाहिरात आठ कॉलमला आणि चार कॉलमला अशी दोन मापांत करायचो, अगदी तेच.

आणि इथे मला ते व्यंगचित्रकार काका आठवले. आमच्या पेपरात पहिल्या पानावर त्यांचं रोज एक छोटं चित्र असायचं, दोन कॉलम, सहा सेंटीमीटर. दुपारी चारला सायकलवर यायचे, ब्राउन पाकीट द्यायचे, उभ्याउभ्या पाणी प्यायचे. सात वाजता पहिल्या पानाची जाहिरात आली की जागा कुठून काढायची? बातमीला हात लावला तर संपादक ओरडणार. काकांना कोणी वाली नव्हता. फोन मी करायचे. “काका, आज जाहिरात आलीय.” ते म्हणायचे, “असू दे ताई. उद्या लावा. उद्या जरा शिळं लागेल एवढंच.” एकदाही आवाज चढवला नाही. महिन्यातून तीन-चारदा तरी हे व्हायचं, आणि न छापलेल्या चित्राचे पैसे मिळत नसत.

तर वॉटरसन या बाबतीत काकांच्या अगदी उलट. १९९१ च्या मे महिन्यापासून त्याने नऊ महिने सुट्टी घेतली, वर्तमानपत्रांना जुन्या स्ट्रिप्स चालवायला लागल्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये परत आला तो अट घेऊनच: रविवारची स्ट्रिप अर्धं पान, अखंड, तोडायची नाही, चौकटी हलवायच्या नाहीत. घ्यायची तर अशी घ्या. संपादक चिडले. काही व्यंगचित्रकारसुद्धा म्हणाले, याला गर्व झालाय. मी तिकडे नोकरीला असते तर पहिली शिवी मीच घातली असती. अर्धं पान म्हणजे किती कॉलम-सेंटीमीटर, त्याचे किती पैसे, आणि ते एका वाघाला? पण वाचकांनी पेपर बंद केला असता या भीतीने बहुतेकांनी गपचूप घेतली.

तिथून पुढची रविवारची पानं काढून बघा, पट्टी बाजूला ठेवाल. एखाद्या पानावर एकच प्रचंड डायनासोर, त्याच्या पायाशी बारीकशी बाकीची गोष्ट. एखाद्यावर वीसेक इवल्या चौकटी, एकही शब्द नाही. कुठे चौकटीच नाहीत, माणसं नुसती कोऱ्या पानावर धावताहेत. लढाऊ विमानं उडवणारे डायनासोर तर बघायलाच हवेत, आणि गंमत म्हणजे नंतरच्या वर्षांत वॉटरसन डायनासोर अगदी अभ्यास करून, हाडं-स्नायू बरोबर काढायला लागला होता. साधन काय, तर बारीक केसांचा ब्रश आणि काळी शाई. भिंगाखाली रेघ बघा, दाबली की जाड, उचलली की केसासारखी. मी आयुष्यभर रोटरिंगच्या एकाच जाडीच्या रेघा मारल्या, त्यामुळे ही रेघ बघताना थोडी असूया वाटते, लपवत नाही.

जागेचंच दुसरं भांडण खेळण्यांचं. करारानुसार हक्क सिंडिकेटकडे होते. कपबश्या, टी-शर्ट, कापडी हॉब्ज, सगळं विकता आलं असतं, आणि पैसा अमाप होता. त्याने वर्षानुवर्षं अडवून धरलं आणि शेवटी करार बदलून घेतला. कापडी हॉब्ज दुकानात आला असता तर तो जिवंत की खेळणं हा सवालच संपला असता, असं मला वाटतं. माझा नातू छोटा भीमचं दप्तर, छोटा भीमचा डबा, छोटा भीमची पाण्याची बाटली घेऊन शाळेत गेला. हॉब्जचं काहीच मिळत नाही म्हणून त्याने आपल्या मळक्या अस्वलाचं नाव हॉब्ज ठेवलं. अमेरिकेत गाड्यांच्या काचांवर कॅल्विनचे अचकट-विचकट स्टिकर दिसतात ते चोरीचे.

दैनंदिन स्ट्रिप्सबद्दल कमी बोलतेय, पण एक सांगायलाच हवी. १९८७ मधली, जखमी रकूनच्या पिलाची. कॅल्विनला ते सापडतं, आई खोक्यात फडकं घालून ठेवते, आणि सकाळी ते दगावलेलं असतं. काही दिवस चाललेली ही मालिका, विनोदाच्या कोपऱ्यात. कुठे मेलोड्रामा नाही. पोरगा चिडतो, रडतो, हॉब्जला बिलगतो. रोज सकाळी हसायला पान उघडणाऱ्या लोकांना याने हे वाचायला लावलं. मी मोहिनीच्या अंकांवरची शि. द. फडणीसांची निःशब्द चित्रं बघत मोठी झाले. चित्र हसवतंच, असं डोक्यात पक्कं होतं. इथे जरा चाचपडले.

तक्रारी आहेत. पहिली, वजन. झोपून वाचता येत नाही. छातीवर ठेवलं तर श्वास लागतो, मांडीवर ठेवलं तर पाय बधीर. शेवटी सासूबाईंचा ज्ञानेश्वरी ठेवायचा चौरंग काढला, त्यावर खंड उघडा टाकला आणि समोर मांडी घालून बसले. शेजारच्या काकूंना वाटलं, पारायण लावलंय. दुसरी, सलग वाचू नका. मी अधाशासारखी दोन महिन्यांत संपवली आणि मधेच कंटाळा आला, कारण बर्फाची माणसं, कॅल्विनला सांभाळायला येणारी पोरगी रोझॅलिन, आंघोळ टाळणं, हे पुन्हा पुन्हा येतं. ते रोज एक वाचायला काढलेलं आहे. आता मी रोज तीन पानं वाचते, म्हणजे एक आठवडा, आणि तेच बरं लागतं. तिसरी, शेवटच्या वर्षांत कॅल्विन टीव्हीवर, कलेवर, बाजारावर जरा जास्तच व्याख्यानं देतो. फुग्यात शब्द मावेनात इतके. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडून वॉटरसनची चिडचिड ऐकू येते. आणि ‘संपूर्ण’ म्हटलं तरी मोजक्या स्ट्रिप्समधले शब्द मूळ छापल्यापेक्षा बदललेले आहेत, हे काटेकोर लोकांनी ध्यानात ठेवावं.

टिकाऊपणा. प्रवासात खोक्याचा एक कोपरा चेपला, आत खंडांना काही झालं नाही. कागद जाड, पाठचं चित्र पुढे दिसत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीला ओल येते, म्हणून लोखंडी कपाटात वरच्या फळीवर, मागे वाळलेला कडुलिंब. कसर नाही, बुरशी नाही. वरची फळी मात्र मध्ये वाकलीय, तेव्हा तुम्ही खालच्या फळीवर ठेवा.

घ्यावा का? मुलांसाठी घेणार असाल तर हा नको. मुलांना पुस्तक अंगाखाली घेऊन वाचायचं असतं, त्यांना सुटी पातळ पुस्तकं द्या. स्वतःसाठी पण हाताने धरून वाचायचं असेल तर २०१२ मध्ये निघालेला चार खंडांचा साध्या बांधणीचा संच बघा, मजकूर तोच. तीन खंडांचा हा संच मूळ १५० डॉलरचा. चित्र काढणाऱ्याने, छापणाऱ्याने आणि माझ्यासारख्या जागा विकणाऱ्याने मात्र हाच घ्यावा. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांची रंगीत चित्रं, मधे चित्रांच्या कविता, हेही आहे. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा माझ्या गुडघ्यांचा.

वॉटरसनने त्यानंतर फार काही केलं नाही. मुलाखती नाहीत म्हणाव्या इतक्या कमी. २०१४ मध्ये स्टीफन पास्टिस या दुसऱ्या व्यंगचित्रकाराच्या स्ट्रिपमध्ये तीन दिवस गुपचूप चित्रं काढून आला, कोणाला पत्ता नाही. २०२३ मध्ये चित्रकार जॉन कॅश्टबरोबर मोठ्यांसाठी एक छोटी दंतकथा केली. तिच्यात वाघ नाही.

गेल्या महिन्यात मी काकांना फोन केला. ऐंशी ओलांडलेत, सायकल सुटली, मुलाने रिक्षाने आणून सोडलं. चौरंगासमोर त्यांना खाली बसता येईना, म्हणून खंड डायनिंग टेबलवर घेतला. तिसऱ्या खंडाचं शेवटचं पान, ३१ डिसेंबर १९९५, रविवार. रात्रभर बर्फ पडलाय, पोरगा आणि वाघ घसरगाडी घेऊन निघालेत. अर्ध्याहून जास्त पान कोरं. नुसतं पांढरं, कुठे झाडाची दोन-तीन फराट्यांची खूण. माझ्याकडे जाहिरातीत एवढी कोरी जागा राहिली असती तर मालक म्हणाला असता, इथे फोन नंबर टाका.

काकांनी त्या पांढऱ्यावर तळहात ठेवला. म्हणाले, “एवढी जागा याला दिली कोणी?”

म्हटलं, “भांडून घेतली.”

“असं होय,” म्हणाले. मग चष्मा पुसला, माझ्याकडे बघून हसले. “ताई, तुमच्याशी भांडायला पाहिजे होतं म्हणजे.” आणि चहाला साखर कमी म्हणून सुनेला हाक मारली.

जाताना पहिला खंड मागून नेला. त्यांचा मुलगा तो काखेत मारून जिना उतरत होता तेव्हा मी वरून ओरडले की पाठीला जपा. तीन आठवडे झाले, खंड अजून आलेला नाही. खोक्यात दोनच आहेत, त्यामुळे तो एका बाजूला कलतो. मी फोन केलेला नाही.